चांगल्या जगण्याला किती लागते? एपिक्युरसच्या बागेविषयी

सांजवारा

चांगले जगावे कसे, या प्रश्नाला प्राचीन ग्रीकांनी जी उत्तरे दिली त्यांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बदनाम उत्तर एपिक्युरसचे आहे, आणि या धाग्यात मला त्याची बाजू मांडायची आहे. सुख हेच जीवनाचे साध्य आहे असे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले, आणि तेवढ्या एका वाक्यावरून दोन हजार वर्षे लोकांनी त्याच्या नावाने खडे फोडले. त्याच्याच पंथातून फुटून निघालेल्या टिमोक्रेटीसने, हा गृहस्थ इतके खातो की दिवसातून दोनदा ओकतो आणि जेवणावर रोज एक मिना उधळतो, असे लिहून ठेवले. डायोटिमस नावाच्या एका स्टोइकाने, म्हणजे प्रतिस्पर्धी पंथाच्या अनुयायाने, तर त्याच्या नावावर पन्नास अश्लील पत्रे खपवली. डायोजिनीस लाएर्शियसने आपल्या चरित्रग्रंथाच्या दहाव्या आणि शेवटच्या भागात हे सारे आरोप नोंदवले आहेत आणि ते करणारांना वेड लागले आहे असा शेराही मारला आहे. त्याच भागात त्याने एपिक्युरसची तीन पत्रे, चाळीस मुख्य सूत्रे आणि मृत्युपत्र उतरवून ठेवले, म्हणून आज आपल्याला फिर्यादी आणि आरोपी अशा दोघांचेही म्हणणे ऐकता येते.

एपिक्युरसचा जन्म इ. स. पू. 341 मध्ये सामोस बेटावर झाला. आईवडील अथेन्सचे, वसाहतकार म्हणून तिथे आलेले, आणि वडील शाळामास्तर होते. अठराव्या वर्षी तो नागरिकाला सक्तीचे असलेले लष्करी शिक्षण घेण्यासाठी अथेन्सला गेला, त्याच सुमारास, इ. स. पू. 323 मध्ये, अलेक्झांडर मेला, आणि पाठोपाठ सामोसवरच्या सगळ्या अथेनियन वसाहतकारांना घरेदारे सोडून निघावे लागले. त्याचे कुटुंब समुद्रापलीकडे कोलोफॉनला जाऊन राहिले. त्याचे तत्त्वज्ञान वाचताना ही पार्श्वभूमी डोळ्यांआड करू नये असे मला वाटते. ॲरिस्टॉटलच्या चांगल्या माणसाला आपले असे एक नगर असते, सभेत त्याच्या शब्दाला वजन असते, आणि सत्कृत्ये करायला हाताशी पैसा असतो. एपिक्युरसच्या पिढीला मात्र नगराचे नशीब मॅसिडोनियन सेनापतींच्या छावणीत ठरताना दिसले. ज्याचे घर एका फर्मानाने जाते, त्याला चांगले जगणे नगराच्या भरवशावर सोडता येत नाही.

मायटिलीनी आणि लॅम्प्सॅकस इथे काही वर्षे शिकवून, इ. स. पू. 306 च्या आगेमागे तो अथेन्सला परतला आणि नगराच्या वेशीबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या बाजूला, त्याने 80 मिनांना एक बाग विकत घेतली. एक मिना म्हणजे शंभर द्राख्मा. त्या काळातल्या, अथेन्सजवळच्या एल्यूसिसच्या मंदिराच्या हिशेबांत कसबी कारागिराला दिवसाला दोन ते अडीच द्राख्मा मजुरी दिलेली दिसते. त्या दराने ही बाग म्हणजे एका कारागिराची दहा वर्षांहून अधिक काळाची कमाई होय, म्हणजे फार मोठी मालमत्ता नव्हे, पण फुकटही नव्हे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या एका पत्रात सांगतो की बागेच्या दारावर, पाहुण्या, इथे तुला बरे वाटेल, इथे सुख हेच परम श्रेय मानतात, अशा अर्थाचा लेख होता, आणि तो वाचून आत येणाऱ्याला रखवालदार जवाची पेज आणि हवे तेवढे पाणी देत असे. भूक चाळवायची नाही, शमवायची, असा त्या पाहुणचाराचा खुलासाही सेनेकाने केला आहे. सेनेका स्वतः स्टोइक होता, म्हणजे प्रतिस्पर्धी पंथाचा, म्हणून त्याची साक्ष मला जास्त मोलाची वाटते.

आता मूळ मुद्दा. एपिक्युरसच्या मते शरीराच्या सुखाला वरची हद्द असते आणि ती फार खाली असते. भुकेची वेदना गेली की सुख पूर्ण झाले. त्यापुढे पक्वान्नांनी ते वाढत नाही, फक्त त्यात विविधता येते. मेनोइकेउस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो इच्छांची वर्गवारी करतो. अन्न, पाणी, निवारा यांसारख्या काही इच्छा स्वाभाविकही असतात आणि आवश्यकही; चमचमीत जेवणासारख्या काही स्वाभाविक असतात, पण त्या पुऱ्या न झाल्याने काही बिघडत नाही; आणि काही नुसत्या पोकळ असतात, ज्यांचे उदाहरण म्हणून प्राचीन टीपकाराने मुकुट आणि पुतळे दिले आहेत. पुतळ्याच्या इच्छेला तळ नसतो, कारण ती कोणत्याही वेदनेतून उगवलेली नसते, आणि जी वेदनाच नव्हती ती शमणार कशी? या वर्गवारीपेक्षाही मला त्याची एक छोटी कसोटी आवडते. ती व्हॅटिकनच्या हस्तलिखितात 1888 मध्ये सापडलेल्या वचनसंग्रहात आहे. प्रत्येक इच्छेला विचारावे, की तू पुरी झालीस तर माझे काय होईल, आणि पुरी झाली नाहीस तर काय होईल? या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपण सहसा विचारतच नाही.

हे सगळे बोलायला सोपे असले तरी करून दाखवायची वेळ आली तेव्हा काय झाले, याची एक नोंद प्लूटार्कने डेमेट्रियसच्या चरित्रात केली आहे. इ. स. पू. 294 मध्ये डेमेट्रियस या मॅसिडोनियन सेनापतीने अथेन्सला वेढा घातला. अन्नाची इतकी टंचाई झाली की मापभर गव्हाला 300 द्राख्मा मोजावे लागत. एका घरात बाप आणि मुलगा जिण्याची आशा सोडून बसले होते. आढ्यावरून मेलेला उंदीर पडला तसे दोघेही त्याच्यावर झडप घालून एकमेकांशी भांडू लागले. याच उताऱ्यात पुढे प्लूटार्क लिहितो की त्या काळात एपिक्युरसने बागेतल्या मंडळींना मोजून वाटलेल्या घेवड्याच्या दाण्यांवर जगवले. एरवी प्लूटार्क एपिक्युरसचा कडवा टीकाकार; त्याच्या पंथाविरुद्ध त्याने स्वतंत्र निबंध लिहिले आहेत. तरीही ही गोष्ट त्याने कोणतीही खोच न मारता सांगितली आहे.

उंदीर आणि घेवडा या दोन घटना एकाच शहरात, एकाच वेढ्यात घडल्या, आणि त्यांतला फरक तत्त्वज्ञानाचा आहे असे मी म्हणतो. भूक दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे दाण्यांची मोजदाद होती आणि शेजारी बसलेल्या माणसाला आपल्याइतकेच मिळेल ही खात्री होती. एपिक्युरसच्या शिकवणीत मैत्रीला जे अवाढव्य स्थान आहे त्याचा उलगडा मला इथे होतो. संकटात मित्राची मदत उपयोगी पडते ती पडतेच, पण ती मिळणार आहे हा विश्वास त्याहून अधिक उपयोगी पडतो, असे त्याचे वचन आहे. पायथागोरसच्या अनुयायांप्रमाणे सगळी मालमत्ता सामाईक करावी, ही सूचनाही त्याने नाकारली. तसा नियम करावा लागणे म्हणजे अविश्वास, आणि जिथे विश्वास नाही तिथे मैत्री कसली, असे त्याचे कारण होते.

जाणकारांनी यावर आपली मते मांडावीत.

दीपमाळ

लेख आवडला. आपल्याकडे अशा विचाराचे नाव निघताच चार्वाक आठवतो आणि कर्ज काढून तूप पिण्याचा श्लोक आठवतो. एपिक्युरस म्हणजे ग्रीकांचा चार्वाक, असे म्हणता येईल का?

सांजवारा

दीपमाळ, बदनामीच्या बाबतीत साम्य नक्कीच आहे. विचाराच्या बाबतीत मला ते अर्धवट वाटते. देवांची भीती आणि परलोकाचा धाक घालवणे, हा धागा दोघांत समान आहे. परंतु कर्ज काढून तूप पिण्याची कल्पना एपिक्युरसला मुळीच पटली नसती, कारण उद्या सावकार दारात येणार ही धास्ती त्याच्या हिशेबात तुपाच्या चवीपेक्षा जड भरते. दुसरे म्हणजे, चार्वाकांचे म्हणणे आपल्यापर्यंत मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांसारख्या प्रतिपक्षाच्या लेखणीतून आले, म्हणून तो तुपाचा श्लोक त्यांचाच कितपत, हा प्रश्न उरतो. एपिक्युरसची निदान तीन पत्रे तरी हातात आहेत. लॅम्प्सॅकस वगैरे ठिकाणच्या मित्रांना लिहिलेल्या इतर पत्रांतले तुकडेही उरले आहेत, आणि त्यांतल्या एकात त्याने चीजची एक लहानशी कुंडी मागवली आहे, मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून. मेजवानीची त्याची कल्पना ही अशी होती.

माधुकरी

लेख नेटका आहे, पण एका गोष्टीला तुम्ही बगल दिलीत. बागेत स्वयंपाक कोण करत होते? पाणी कोण भरत होते? ज्याला रोज पेज रांधून मिळते त्याला पेजेत समाधान मानणे अवघड नसते. मृत्युपत्रात माइस, निकियास, लायकॉन आणि फेड्रियम या चार गुलामांना मुक्त करावे असे कलम आहे, हे तुम्हीच वाचलेले असणार. म्हणजे मरेपर्यंत ते गुलामच होते. वेढ्यातले दाणे मोजले जात होते तेव्हा त्यांच्या वाट्याला इतरांइतकेच दाणे येत होते का, हे प्लूटार्क सांगत नाही.

दुसरे असे की बाग चालत होती कशावर? ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियम नगरातल्या जळक्या गुंडाळ्यांमधल्या, फिलोडेमस या नंतरच्या एपिक्युरसपंथी लेखकाच्या एका ग्रंथात एपिक्युरसच्या पत्राचा तुकडा आहे, त्यात तो वर्षाला प्रत्येकी 120 द्राख्मांची वर्गणी मागतो. इडोमेनियससारखे लॅम्प्सॅकसचे सत्ताधारी वर्तुळातले लोक त्याचे आश्रयदाते होते. राजकारणापासून दूर राहा असे शिकवणारा माणूस राजकारणात मुरलेल्या मित्रांच्या पैशावर शांतपणे राहत होता, ही विसंगती मला टोचते. गरिबीत समाधान मानण्याचे तत्त्वज्ञान बहुधा ज्यांच्यापाशी बाग असते त्यांनाच सुचते.

सांजवारा

माधुकरी, वर्गणीचा मुद्दा मी नाकारत नाही, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. प्लेटोच्या अकादमीमागे त्याच्या घराण्याची मालमत्ता होती आणि ॲरिस्टॉटलला मॅसिडोनियाच्या दरबाराचा आधार होता. त्यांच्याशी ताडून पाहता वर्गणीवर चालणारी बाग ही त्यातल्या त्यात प्रामाणिक व्यवस्था म्हणावी लागेल, कारण मागणी उघड होती आणि रक्कम ठरलेली होती.

गुलामांविषयी मात्र तुमचा आक्षेप उभाच राहतो. गुलामगिरी मोडावी असे एपिक्युरस कुठेही म्हणत नाही. तो एवढेच करतो की त्यांना शिकवायला बसवतो. माइस हा त्याच्याबरोबर तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत असे आणि त्या सर्वांत नामांकित होता, असे डायोजिनीस लाएर्शियस सांगतो. लॅम्प्सॅकसच्या लिओंटियसची बायको थेमिस्टा हिला त्याने पत्रे लिहिली आणि लिओंटियन ही गणिकाही मंडळात होती. तिने ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्याचा रोमन वक्ता सिसेरोला सुमारे अडीचशे वर्षांनंतर राग येत होता; बाई कसली, पण ग्रीक चांगले लिहिते, अशा सुरात त्याने तिचा उल्लेख केला आहे. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या अथेन्समध्ये ही बैठक विरळाच होती. ती पुरेशी होती असे मात्र मी म्हणणार नाही.

काठावरचा

मला वेगळ्याच ठिकाणी अडले आहे. एपिक्युरसच्या चौथ्या सूत्राचा आशय असा की तीव्र वेदना फार काळ टिकत नाही, आणि जी दीर्घकाळ टिकते तिच्यात वेदनेपेक्षा सुखाचेच पारडे जड असते. फिलोडेमसने पंथाची शिकवण चार औषधांत बांधली, त्यातले चौथे औषध हेच. ती चार अशी: देवाला भिऊ नये, मृत्यूची धास्ती घेऊ नये, चांगले ते सहज मिळते आणि भयंकर ते सहज सोसता येते.

मला मुतखड्याचा जुना विकार आहे. कळ उठते तेव्हा माणूस उताणा झोपू शकत नाही, पालथा झोपू शकत नाही, बसू शकत नाही. गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर लोळतो आणि इंजेक्शनची वाट पाहतो. घाम फुटतो, उलटी होते, आणि शेजारी कोणी बोललेले ऐकूसुद्धा येत नाही. ही कळ काही तासांत उतरते, हे खरे. म्हणजे सूत्राचा पहिला अर्धा भाग निदान माझ्यापुरता लागू पडतो. पण माझ्या आईला आमवात आहे, आणि तिच्या बोटांत सुखाचे पारडे जड असलेली वेदना आहे असे तिच्यासमोर बोलण्याची माझी हिंमत होणार नाही.

गंमत अशी की एपिक्युरसही याच विकाराने गेला. लघवी तुंबली, चौदा दिवस तो आजारी होता, आणि बहात्तराव्या वर्षी, इ. स. पू. 270 च्या सुमारास, त्याचा अंत झाला. प्राचीन चरित्रकार हर्मिपसच्या माहितीनुसार शेवटी तो काशाच्या टबात ऊन पाण्यात बसला, निर्भेळ मद्य मागवून प्यायला, शिकवण विसरू नका असे मित्रांना सांगितले आणि गेला. त्याने इडोमेनियसला शेवटच्या दिवशी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात तो लिहितो की मूत्रविकाराच्या आणि पोटाच्या वेदना आता याहून वाढू शकणार नाहीत इतक्या वाढल्या आहेत, पण आपल्या जुन्या संवादांच्या आठवणीने होणारा मनाचा आनंद मी त्या सगळ्यांसमोर उभा करतो, आणि हा दिवस सुखाचा आहे.

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आहे, आणि माझे मत असे बनले आहे की त्याचे आचरण त्याच्या सूत्रापेक्षा सरस आहे. वेदना सहज सोसता येते, असे तो पत्रात म्हणत नाही. ती थोडा वेळच राहील, असेही म्हणत नाही. वेदना जशीच्या तशी राहिली आहे आणि तिच्यासमोर त्याने दुसरे काहीतरी आणून ठेवले आहे. आता या दुसऱ्या गोष्टीसाठी आधी काही वर्षे मित्रांबरोबर काढलेली असावी लागतात. ज्याच्यापाशी ती नाहीत त्याने समोर काय ठेवायचे, याचे उत्तर चार औषधांत नाही.

सांजवारा

काठावरचा, तुमच्या प्रतिसादावर मला फारसा प्रतिवाद करता येत नाही. एवढीच पुस्ती जोडतो की वेदनेविषयीचे सूत्र मला वैद्यकीय निरीक्षण म्हणून कच्चे वाटते, पण भीतीवरचा उतारा म्हणून ते कामाचे आहे. पुढे अनंत काळ असेच चालणार या कल्पनेने प्रत्यक्ष कळेत जी भर पडते, तेवढी भर त्याने काढून घेता येत असावी. आईंच्या प्रकृतीस आराम पडो.

रानपाखरू

मी स्टोइकांच्या बाजूचा आहे, म्हणून एपिक्टीटसने केलेला हल्ला इथे नोंदवतो. एपिक्टीटस स्वतः गुलाम होता, पायाने अधू होता, रोममधून तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शिकवू लागला. त्याचे म्हणणे असे: माणसांमध्ये निसर्गतः काही आपलेपणा नाही, प्रत्येकाने आपले सुख पाहावे, असे जर एपिक्युरसला खरोखर वाटत होते, तर बाबा रे, तू आमच्यासाठी रात्री का जागतोस, दिवा का पेटवतोस, पहाटे का उठतोस, आणि एवढी पुस्तके का लिहितोस? आम्ही फसलो तर तुझे काय जाते? एपिक्युरसने सुमारे तीनशे गुंडाळ्या लिहिल्या असे सांगतात, म्हणजे दिवा बराच जळला असणार.

प्लूटार्कनेही याच अंगाने टीका केली आहे. लोकांच्या नजरेआड जगा हा एपिक्युरसचा उपदेश त्याने हेरला आणि विचारले, की नजरेआडच राहायचे होते तर हा उपदेश प्रसिद्ध का केला?

परंतु माझा खरा आक्षेप यापेक्षा व्यावहारिक आहे. तुमच्या वेढ्याच्या गोष्टीत बाग नगराच्या शेजारची आहे, नगरासाठी काही करणारी नाही. कोणीतरी तटावर उभे होते, कोणीतरी धान्याची जहाजे आणण्याची खटपट करत होते, शेवटी कोणीतरी डेमेट्रियसशी बोलणी करायला गेले. दाणे मोजून आपल्या मित्रांत वाटणे चांगलेच, पण मेलेल्या उंदरावरून भांडणारे ते बापलेकही त्याच नगराचे होते. ते बागेचे सभासद नव्हते म्हणून त्यांच्या वाट्याला तत्त्वज्ञान आले नाही. ॲरिस्टॉटल निकोमाकसच्या नीतिशास्त्रातली तब्बल दोन प्रकरणे मैत्रीवर खर्च करतो, तरीही एकमेकांची सोबत चांगली असणे आणि नगर चांगले असणे या गोष्टी तो तोडत नाही. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस तर साथ आणि सरहद्दीवरची युद्धे चालू असताना वह्या लिहीत होता. त्याला बागेत जाऊन बसण्याची मोकळीक नव्हती, आणि ती त्याने घेतलीही नाही. ज्या तत्त्वज्ञानाला आधी सज्जन शेजारी निवडून घ्यावे लागतात ते पुरेसे तत्त्वज्ञान नव्हे.

सांजवारा

रानपाखरू, दिव्याचा टोला झकास आहे, पण त्याचे उत्तर एपिक्युरसपाशी होते. मित्रासाठी केलेले कष्ट हा त्याच्या लेखी सुखाचाच भाग आहे. ज्ञानी माणूस घेण्यापेक्षा देणे जास्त जाणतो असे त्याचे एक वचनही आहे. लिहिणे हे त्याला ओझे वाटत होते, असे मानायला आधार नाही. बाकी मार्कस ऑरेलियसचे उदाहरण देताना एक विसरू नये, की त्यानेच अथेन्समध्ये सरकारी वेतनावर जी तत्त्वज्ञानाची आसने स्थापन केली त्यांत एक एपिक्युरसच्या पंथाचेही होते.

बागेच्या कुंपणाविषयी तुम्ही म्हणता ते मात्र गंभीर आहे, आणि त्यावर एपिक्युरसपेक्षा त्याच्या एका दूरच्या शिष्याचे उत्तर मला भावते. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला इनोअँडा नावाचे डोंगरी नगर होते. तिथल्या डायोजिनीस नावाच्या श्रीमंत वृद्धाने इ. स. दुसऱ्या शतकात एक भिंत भरून एपिक्युरसची शिकवण दगडात कोरून घेतली. 1884 मध्ये तिचे तुकडे सापडू लागले, आणि आजवर लेखाचा काही भागच हाती आला आहे. मूळ भिंत सुमारे 80 मीटर लांब असावी असा अंदाज आहे. सुरुवातीला तो आपले कारण सांगतो: मी आयुष्याच्या मावळतीला आलो आहे, एखाददुसरा माणूस आजारी असता तर त्याच्याशी एकट्याशी बोललो असतो, पण साथ आल्यासारखे सगळेच खोट्या समजुतींनी आजारी आहेत आणि मेंढरांसारखे एकमेकांकडून रोग घेत आहेत, म्हणून मी औषध चव्हाट्यावर मांडत आहे. हे औषध अजून जन्माला न आलेल्यांसाठी आणि परक्यांसाठीही आहे, असे तो म्हणतो, आणि पुढे जोडतो की ते खरे म्हणजे परके नाहीतच, कारण सगळ्यांना मिळून एकच देश आहे, तो म्हणजे ही पृथ्वी. नगरासाठी काही करणे म्हणजे सभेत बसणेच, असे मानले तर हा माणूस निकामी ठरेल. तुम्ही तसे मानाल असे वाटत नाही.

रानपाखरू

मानत नाही. पण तुम्ही दाखवलेला माणूस कुंपण ओलांडून बाजारात आलेला आहे, आणि तसे करताना त्याने नजरेआड जगण्याचा उपदेश मोडला आहे. माझा मुद्दाच तुम्ही सिद्ध केलात.

दीपमाळ

मधल्या काळात मी सिसेरोचे श्रेय आणि हेय यांवरचे पुस्तक चाळले. त्याच्या दुसऱ्या भागात त्याने मृत्युपत्राचीच उलटतपासणी घेतली आहे. मृत्यू आमच्यासाठी काहीच नाही, आपण असतो तेव्हा तो नसतो आणि तो असतो तेव्हा आपण नसतो, हे ज्याचे ब्रीद, त्याने दर महिन्याच्या विसाव्या दिवशी माझ्या आणि माझा शिष्य मेट्रोडोरस याच्या स्मरणार्थ एकत्र जमावे, दरवर्षी माझा जन्मदिवस पाळावा, त्यासाठी उत्पन्नातून खर्च करावा, अशी तजवीज का करून ठेवावी? जो नसणार आहे त्याला त्या जेवणावळीचे काय सुख? मला यात तथ्य वाटते.

सांजवारा

दीपमाळ, सिसेरो वकील होता आणि हा त्याच्या उत्तम युक्तिवादांपैकी एक आहे. पण विसाव्या तारखेची बैठक मेलेल्यासाठी होती असे त्याने गृहीत धरले आहे. एपिक्युरस गेला तेव्हा मेट्रोडोरसला जाऊन सात वर्षे झाली होती आणि ही मासिक बैठक आधीपासूनच चालत आलेली होती. मृत्युपत्र ती पुढे चालू ठेवायला सांगते. मागे उरलेल्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसण्याचे निमित्त मिळावे, आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशाला पडू नये, अशी व्यवस्था जिवंत माणूस जिवंत असतानाच करतो, आणि ती केल्याचे समाधानही त्याला तेव्हाच मिळते. काठावरचा यांनी उल्लेखलेल्या शेवटच्या पत्रातही विनंती अशीच आहे: मेट्रोडोरसच्या मुलांना सांभाळ. स्वतःच्या मृत्यूची भीती गेल्यावर जी जागा मोकळी होते ती दुसऱ्यांच्या मुलांनी भरते, असे मी हे वाचतो. सिद्धांताशी ते तंतोतंत जुळते का, तर थोडे ओढूनताणून जुळते.

माधुकरी

मृत्युपत्र निघालेच आहे तर मुलांविषयीचे कलम पूर्ण वाचावे. मेट्रोडोरसचा मुलगा आणि पोलिएनसचा मुलगा यांना बागेचा पुढचा प्रमुख हर्मार्कस याच्या सहवासात राहून तत्त्वज्ञान शिकता यावे, त्यांचा खर्च उत्पन्नातून व्हावा, असे लिहिले आहे. मेट्रोडोरसच्या मुलीसाठीही तरतूद आहे: ती वयात आली की हर्मार्कस बागेतल्या अभ्यासकांमधून जो निवडील त्याला ती द्यावी आणि हुंड्याची रक्कम विश्वस्तांनी ठरवावी, मात्र ती नीट वागणारी आणि हर्मार्कसच्या आज्ञेत राहणारी असली पाहिजे. मुलांनाही शिस्तीची अट आहे, हे खरे. पण मुलांच्या वाट्याला अभ्यास आला आणि मुलीच्या वाट्याला अभ्यासकांपैकी एक आला. थेमिस्टाला पत्रे लिहिणाऱ्या आणि लिओंटियनला शेजारी बसवणाऱ्या माणसाच्या हातून हे कलम लिहिले गेले आहे.

सांजवारा

त्या कलमाचा बचाव करण्याचा माझा विचार नाही. त्या काळच्या अथेन्समध्ये पोरक्या मुलीला हुंडा आणि नवरा मिळवून देणे हीच जबाबदारी मानली जाई, एवढे स्पष्टीकरण देता येईल, पण जो माणूस रूढ समजुती एकेक करून तपासायला सांगतो त्याच्याकडून ही समजूत तपासायची राहिली. मृत्युपत्र दोन पानांचेही नाही. मी त्याचा संपूर्ण मराठी अनुवाद करून याच धाग्यात टाकतो. विश्वस्त ॲमिनोमॅकस आणि टिमोक्रेटीस यांना दिलेल्या सूचना, बागेची मालकी आणि चौघांच्या मुक्ततेचे कलम एकत्र वाचल्याशिवाय त्यावरची चर्चा पुढे सरकणार नाही. हा टिमोक्रेटीस लेखाच्या सुरुवातीला आलेला निंदक नव्हे, नावापुरते साम्य आहे.